पवनचक्क्यांमधली शिणाण्यांची शेती

वर काढलेला दोर हातात घेतला तर आधी दोर दिसतच नाही. काळपट निळ्या शिणाण्या त्याला इतक्या लगडलेल्या असतात. एक उपटायला जावं तर सुटत नाही. शिंपल्यातून निघालेले तपकिरी तंतू दोराच्या विणीत रुतलेले असतात. आपली कोकणातली शिणाणी हिरवी, एवढाच फरक.

बेल्जियमच्या भर समुद्रात बेलविंड आणि सी-पॉवर ही पवनचक्क्यांची क्षेत्रं आहेत. बेलविंड किनाऱ्यापासून 46 किलोमीटर आत. तिथे ट्रॉलरना मज्जाव, त्यामुळे चक्क्यांमधलं पाणी मोकळंच. घेंट विद्यापीठाच्या पुढाकाराने 2017 ते 2019 या काळात 'एड्युलिस' प्रकल्पात तिथे शिणाण्या वाढवून पाहिल्या.

मांडणी साधी. दोन टोकांना नांगर, मधे बोयांवर तोललेला जाड आडवा दोर, त्याला खाली सोडलेले दोर. बी पाण्यातूनच येतं: वसंतात तरंगती पिल्लं दोराला चिकटतात. खाद्य घालायचं नाही, पाणी गाळून त्या आपलं पोट भरतात. सव्वा वर्षाच्या आसपास माल तयार. अशाच दोरांवर केल्प हे समुद्री शेवाळही वाढवतात, पण त्याचं वेळापत्रक वेगळं: शरदात बी लावलेला दोर सोडायचा, थंडीत ते वाढतं, वसंतात कापणी.

दोर चक्कीच्या खांबालाच का बांधू नये, असं कुणालाही वाटेल. पण लाटा त्या दोराला जे हिसके देतात त्यांचा भार खांबावर यावा, हे कुठल्या वीज कंपनीला चालेल? म्हणून नांगर वेगळे, तेही समुद्रतळावरच्या वीजवाहिन्या चुकवून टाकलेले.

खरी अडचण पुढेच. शिणाण्या जोमाने वाढल्या की दोर जड होतो, बोये बुडू लागतात. आणखी बोये लावायला जायचं, तर दर्या खवळलेला. थोडी उघडीप मिळाली की त्याच दिवशी क्रेनवाली बोट हवी, माणसं हवीत, विमा हवा. पीक येतं हे प्रयोगांनी दाखवलं. ते परवडेल, हे अजून कुणी ठामपणे दाखवलेलं नाही.

नेदरलँड्समध्ये हॉलंडसे कुस्ट झाउड इथे 139 चक्क्यांच्या क्षेत्रात 2024 मध्ये शेवाळाचं शेत सुरू झालं, तेही जेमतेम 5 हेक्टरचं. माझं मत विचाराल तर नांगरांची जागा, बोटीची वाट आणि विमा हे सगळं चक्क्यांच्या निविदेतच ठरायला हवं. चक्क्या उभ्या राहिल्यावर शेतकऱ्याला बोलावलं, तर त्याच्या वाट्याला उरलेलं पाणीच येणार.