मृत्यूनंतर काय? कांदिवली परिसराचा दोन हजार वर्षांचा मागोवा

कांदिवलीत माणूस गेला की पुढचे दिवस घरागणिक वेगळे जातात. मराठी हिंदू घरात दहाव्याला पिंड ठेवतात आणि कावळा शिवण्याची वाट पाहतात; गेलेल्याची काही इच्छा मागे राहिली का, याचा तो कौल. महावीरनगरातल्या जैन घरात प्रार्थनासभा होते, पण पिंड ठेवत नाहीत. देह सुटताच जीव कर्मानुसार पुढच्या जन्माला लागतो, मागच्यांनी वाढलेला घास त्याला पोहोचत नाही, असे जैन मत सांगते. बौद्ध घरात जलदान आणि पुण्यानुमोदन होते, त्रिशरण-पंचशील म्हटले जाते; तिथे नित्य आत्मा मुळात मानलेलाच नाही. पोयसरच्या ख्रिस्ती घरात महिन्याची मिस्सा असते आणि देह पुन्हा उठेल ही आशा असते. मुस्लिम घरात कुराणखानी होते आणि कयामतच्या हिशेबावर श्रद्धा असते. चहा सगळीकडे सारखाच दिला जातो, दुःखही सारखेच असते. पण माणूस म्हणजे काय आणि तो गेला म्हणजे नेमके काय झाले, याची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत.

हा शेजार गगनचुंबी इमारतींबरोबर आलेला नाही. कांदिवली पूर्वेच्या आकुर्लीची नोंद १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये आहे, ती तिथल्या पडण टेकडीच्या कातळावर कोरलेल्या खुणा आणि प्राचीन अक्षरे यांच्यासाठी. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याच वर्षी सोपारा आणि पडण इथल्या अवशेषांवर निबंध प्रसिद्ध केला. म्हणजे आपण ज्या गावठाणावरून रोज रिक्षाने जातो, तिथे कुणीतरी फार पूर्वी याच प्रश्नांपाशी थांबले होते.

त्या काळाचे ठसठशीत रूप शेजारच्या डोंगरात दिसते. कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून जवळपास हजार वर्षे कोरली गेली. खोलीत दगडी ओटा, बाहेर पाण्याची पोढी, एवढाच भिक्खूचा संसार. शिलालेखांत कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी, सोनार, लोहार भेटतात. कुणी भिक्खूंच्या चीवरांसाठी कायम ठेव ठेवली, कुणी पादत्राणांसाठी. सगळे अनित्य आहे आणि तृष्णा सुटली की दुःख सुटते, हा त्या लेण्यांतला उपदेश. दान देणारे मात्र ते पुण्य आईवडिलांच्या नावे लावत होते, सर्व जीवांच्या सुखाची इच्छा दगडात कोरून ठेवत होते. तत्त्वज्ञान आणि माया एकाच भिंतीवर नांदत होती.

सहाव्या शतकाच्या सुमारास काही मैलांवर मंडपेश्वरचे शैव लेणे उभे राहिले. तिथे नृत्य करणारा शिव आहे, पाशुपतांचा आचार्य लकुलीश आहे. पाशुपतांच्या मते जीव पाशात अडकलेला असतो आणि त्याला सोडवणारा स्वामी शिव आहे. कान्हेरीच्या उपदेशात असा सोडवणारा कुणी नाही. प्रत्येकाने स्वतःच्या पायाने चालायचे. कातळ एकाच जातीचा, छिन्नी-हातोडा तोच, पण एका ठिकाणी कृपा आणि दुसऱ्या ठिकाणी स्वतःचे प्रयत्न.

यापुढचा इतिहास मला फार बोलका वाटतो, कारण दुसऱ्याच्या उत्तरासमोर माणसे कशी वागतात ते त्यात दिसते. कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, इ. स. १००९ आणि १०२१ मधले. अहुर मज्दाला मानणारे जरथुश्त्री लोक बौद्ध लेणे पाहायला आले आणि आपली नावे, तिथी, महिना, वर्ष कोरून गेले. मूर्तीला त्यांनी धक्का लावला नाही, स्वतःचा धर्मही लपवला नाही.

सोळाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्सिस्कन धर्मगुरू आंतोनियो दो पोर्तो मंडपेश्वरला आला. लेण्याचे चर्च झाले, वर डोंगरावर मठ आणि विद्यालय उभे राहिले. लेण्याच्या भिंतीवर कोरलेला मोठा क्रूस आजही समोर येतो. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत साष्टी आणि वसई मराठ्यांकडे आली, लेण्यात पुन्हा शिव आला. सत्ता पालटली की देव पालटायचा, अशी ती शतके होती.

तिसरी वागणूक पोर्तुगीज इतिहासकार दिओगो दो कूतो याची. १६१२ मध्ये छापलेल्या ग्रंथात तो कान्हेरीचे वर्णन करतो. लेणे कुणी खोदले असे साष्टीतल्या एका वृद्धाला विचारल्यावर, संत जोसाफातच्या बापाने मुलाला जगापासून दूर ठेवण्यासाठी, असे उत्तर त्याला मिळाले. जोसाफात म्हणजे वार्धक्य, रोग आणि मृत्यू पाहून राज्य सोडणारा राजपुत्र. मुळात ती सिद्धार्थाचीच कथा. ती अरबी, जॉर्जियन, ग्रीक, लॅटिन अशी फिरत युरोपात पोहोचली आणि बुद्ध नकळत ख्रिस्ती संत झाला. जुन्या कॅथलिक पंचांगात त्याचा दिवस २७ नोव्हेंबर होता. कूतोला साम्य अचूक दिसले. पण नाते त्याने उलटे लावले: हा बुद्ध म्हणजे आपलाच जोसाफात.

‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ हे आपल्याकडचे लाडके वाक्य ऐकले की मला कूतो आठवतो. त्या वाक्यामागे प्रेम असते, हे खरे. पण त्यात शेजाऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यायचे राहून जाते. आपलेच उत्तर आपण त्याच्या तोंडी घालतो. अनात्मवाद मानणाऱ्याला ‘तुमचा आत्मा आणि आमचा आत्मा एकच’ असे सांगणे हा आदर नव्हे.

खऱ्या तुलनेची वाट आपल्या परंपरेत आहे. आठव्या शतकातल्या हरिभद्रसूरी या जैन आचार्याने ‘षड्दर्शनसमुच्चय’ लिहिला. त्यात बौद्ध, न्याय, सांख्य, जैन, वैशेषिक, मीमांसा ही दर्शने त्याने एकेक करून मांडली आणि शेवटी मृत्यूनंतर काहीच नाही म्हणणाऱ्या लोकायतालाही जागा दिली. दुसऱ्याचा पक्ष आधी नीट मांडायचा, मग आपले बोलायचे, ही ती शिस्त.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तीच शिस्त स्वतः स्वीकारलेल्या मार्गालाही लावली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेत ते रोखठोक विचारतात: आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे? चार आर्यसत्ये मुळातली आहेत का? भिक्खू स्वतःच्या मुक्तीसाठी आहे की समाजसेवेसाठी? मृत्यूनंतरच्या प्रश्नाकडून त्यांनी लक्ष जिवंत माणसाच्या दुःखाकडे वळवले.

अशा प्रश्नांना आजही धार आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने जैनांच्या संथाऱ्याला, म्हणजे मरेपर्यंतच्या उपवासाला, आत्महत्या ठरवले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. देह शांतपणे सोडून देणे हे व्रत की गुन्हा, हे जीव म्हणजे काय या उत्तरावर ठरते. ते उत्तर समजून न घेता बाजू घेणे सोपे असते, म्हणूनच ते टाळायला हवे.

कांदिवली-बोरिवलीच्या शाळांना यासाठी लांब जावे लागत नाही. सकाळी कान्हेरी, दुपारी मंडपेश्वर अशी एका दिवसाची सहल होते. मुलांना फक्त सनावळ्या सांगू नयेत. दुःख कशाने येते, सोडवणारा कुणी आहे का, मेल्यावर काय, हे तीन प्रश्न त्यांच्या हाती द्यावेत. आणि प्रत्येकाने आपल्या घरचे नव्हे, तर बाकावर शेजारी बसणाऱ्याच्या घरचे उत्तर त्याला विचारून, त्याला पटेल असे लिहून आणावे.