कोठीची किल्ली

पोरं संगणकावर खेळ खेळतात. खेळू द्यावं. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा.

विंडोजच्या संगणकात खाती दोन प्रकारची असतात. एक कारभाऱ्याचं, दुसरं साधं. कारभारी नवा प्रोग्राम घालतो, जुना काढतो. साध्या खात्याला तेवढी मुभा नसते.

समजा, पोर कारभाऱ्याच्या खात्यात बसलं आणि खेळाबरोबर व्हायरस आला. मग कारभाऱ्याचे हक्क त्यालाही मिळतात. चोराच्या हाती कोठीची किल्लीच! साध्या खात्यात त्याचा हात तेवढा लांब पोचत नाही.

२००१ साली विंडोज एक्सपी आली. तेव्हाचे पुष्कळ खेळ साध्या खात्यात अडत. का बरं? ते आपली नोंद ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरात लिहू पाहत. तिथं लिहायचा हक्क कारभाऱ्याचा. २००७ साली व्हिस्टा आली. तेव्हापासून साध्या खात्यातून प्रोग्राम घालू लागलं, की बहुधा कारभाऱ्याचा पासवर्ड मागतात.

मग काय करावं? खेळ चांगल्या ठिकाणचा घ्या. तो आपण स्वतः घाला. पोराला साधं खातं द्या. जुना खेळ अडला, तर त्या खेळाच्याच फोल्डरात लिहायची परवानगी द्या. पोराला कारभारी करू नका. पासवर्ड आपल्यापाशी ठेवा.

पोराला एक खोली उघडून द्यावी. सारा वाडा नव्हे.