जीपचा जुना ॲक्सल : घ्यावा की न घ्यावा?

महिंद्र कंपनीने 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे सीजे-3बी या नमुन्याच्या जीपगाड्या आपल्याकडे काही दशके तयार होत राहिल्या. मलंगगडाचा पायथा असो की मुरबाडपलीकडची पावसाळी वाट असो, अशा जुन्या गाडीवर भरवसा ठेवणारी माणसे ठाणे-कल्याण भागात आजही भेटतात. या गाडीला कोणी मोठे टायर बसवतो आणि मग चढाला ओढ कमी पडू लागते. गॅरेजात सल्ला मिळतो : 'कुर्ल्याच्या भंगारबाजारातून दणकट जुना ॲक्सल आणून टाका.'

हा सल्ला खर्चाचा आहे, आणि चुकला तर गाडीत बसणाऱ्यांच्या जिवावर बेतणारा आहे. तो मानावा की नाही हे ठरवायला शाळेतले गणित आणि यंत्रशास्त्र बऱ्याच अंशी पुरते. ते कसे, ते पाहू.

ॲक्सलमध्ये काय असते?

गिअरबॉक्सकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट एका लहान दंतचक्राला फिरवतो, हे पिनियन. पिनियन मोठ्या क्राऊनचक्राला फिरवते. क्राऊनला जोडलेला डिफरन्शियल ती गती दोन अर्ध्या शाफ्टांमार्फत डाव्या-उजव्या चाकांना देतो. हे सारे एका लोखंडी हाउसिंगमध्ये बंद असते.

क्राऊनचे दाते भागिले पिनियनचे दाते म्हणजे ॲक्सलचे गुणोत्तर. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपमध्ये ते 39 भागिले 8, म्हणजे सुमारे 4.88 होते. सीजे-3बीमध्ये 43 भागिले 8, म्हणजे सुमारे 5.38 होते. 39 आणि 8 किंवा 43 आणि 8 यांना 1 शिवाय सामाईक विभाजक नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता क्राऊनच्या प्रत्येक दात्याशी आळीपाळीने भिडतो आणि झीज सारखी होते. ही जोडी एकमेकांशी घासून बसलेली असते. म्हणूनच एका ॲक्सलचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन असा मेळ कधी घालू नये.

तक्रार नेमकी कोणती?

ॲक्सल बदलण्यापूर्वी हा प्रश्न विचारला पाहिजे. तक्रारी तीन प्रकारच्या असतात आणि तिन्हींवरचे उपाय निरनिराळे आहेत.

पहिली तक्रार, ओढ कमी पडते. समजा, गाडीचे गुणोत्तर 4.88 आहे आणि 28 इंच व्यासाचे टायर काढून 31 इंची बसवले. इंजिन मिनिटाला 3000 फेरे करत असेल आणि टॉप गिअरमध्ये ते फेरे जसेच्या तसे प्रोपेलर शाफ्टला मिळत असतील, तर चाकाचे फेरे 3000 भागिले 4.88, म्हणजे सुमारे 615 होतील. 28 इंची चाकाचा परीघ 2.23 मीटर; म्हणून वेग ताशी सुमारे 82 किलोमीटर. 31 इंची चाकाचा परीघ 2.47 मीटर, म्हणून वेग सुमारे 91. वेग वाढला याचा आनंद मानू नये. त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे दहा टक्के, ओढ कमी झाली. आता 5.38 चा ॲक्सल टाकला, तर वेग पुन्हा 82-83 वर येतो आणि ओढही परत मिळते. हिशेब जुळला!

पण गाडी चारही चाकांनी ओढणारी असेल, तर पुढच्या ॲक्सलचे गुणोत्तरही तेवढेच हवे. पुढे 4.88 आणि मागे 5.38 असेल, तर पुढची चाके मागच्यांपेक्षा दहा टक्के अधिक वेगाने फिरू पाहतील. चिखलात टायर घसरून हा फरक पचतो. कोरड्या रस्त्यावर तो पचत नाही, आणि ताण शाफ्ट व दात्यांवर येतो. म्हणजे एका ॲक्सलचा खर्च दोन ॲक्सलांचा होतो. त्याउलट, जुन्या मापाचे टायर परत बसवले तर ओढ तशीच परत मिळते.

दुसरी तक्रार, गाडी चिखलात रुतते. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखेच पीळबल देतो. एक चाक भाताच्या खाचरात नुसते गरगरत असेल, तर त्याला लागणारे बल अगदी थोडे असते. मग कोरड्या जागेवरच्या चाकालाही तेवढेच थोडे मिळते. येथे जाड ॲक्सल काहीही करू शकत नाही. दोन्ही चाके एकत्र बांधणारा लॉक असलेला डिफरन्शियल हाच त्यावरचा उपाय.

तिसरी तक्रार, शाफ्ट तुटतात. गरगरणारे चाक एकदम दगडावर पकड घेते, तेव्हा बसणारा झटका शाफ्टला पिळून तोडतो. पीळ सोसण्याची भरीव शाफ्टची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. धातू तोच असेल, तर 30 मिलिमीटरऐवजी 33 मिलिमीटरचा शाफ्ट 1.1 × 1.1 × 1.1, म्हणजे 1.33 पट ताकदीचा ठरतो. व्यास दहा टक्के वाढला, ताकद तेहतीस टक्के! जाड ॲक्सलचा खरा उपयोग फक्त या तक्रारीवर आहे. मात्र झटका नाहीसा होत नाही. तो आता प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट किंवा गिअरबॉक्स यांतील सर्वांत कमकुवत भाग शोधतो.

भंगारात तपासणी

विकणाऱ्याने सांगितलेल्या गुणोत्तरावर विसंबू नये. ते मोजता येते. ॲक्सल सुटा असेल, तर एका बाजूचे चाकाचे हब घट्ट धरावे, दुसरे 20 फेरे फिरवावे आणि पिनियनचे फेरे मोजावे. एक बाजू अडवली, की क्राऊनच्या एका फेऱ्यात दुसरी बाजू दोन फेरे घेते. म्हणून 20 फेऱ्यांना क्राऊनचे 10 होतात. पिनियनचे फेरे 54 च्या किंचित आत आले तर गुणोत्तर 5.38, 49 च्या किंचित आत आले तर 4.88.

मग झाकण उघडायला लावावे. तेलात चमकणारा धातूचा चुरा, दात्यांवरचे खड्डे किंवा तुटलेली टोके दिसली, तर परत फिरावे. पिनियन हाताने पुढे-मागे ओढून पाहावे; लांबीच्या दिशेने खेळ जाणवला तर बेअरिंग गेले. हाउसिंगला पट्टी लावून बाक पाहावा. ॲक्सलची रुंदी, कमानपाटे बसण्याच्या जागांमधले अंतर, शाफ्टच्या टोकाच्या खाचांची संख्या आणि ब्रेकची मापे आपल्या गाडीशी ताडून पाहावीत. अपघातात सापडलेल्या गाडीचे हाउसिंग कितीही स्वस्त मिळाले, तरी घेऊ नये.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका ठामपणे मांडली. तेव्हा एमएच-04 असो वा एमएच-05, पैसे देण्यापूर्वी आपल्या परिवहन कार्यालयात विचारणा करावी. हे मोठ्या टायरांनाही लागू आहे.

थोडक्यात, शाफ्ट वारंवार तुटत असतील, मापे जुळत असतील आणि परवानगी मिळत असेल, तरच जुना जाड ॲक्सल घ्यावा. ओढीची तक्रार असेल तर आधी टायरकडे पाहावे.

वर्गात हे सायकलवर करून पाहता येईल. पुढच्या आणि मागच्या चक्राचे दाते मोजा, पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती फिरते ते खडूची खूण करून पाहा आणि भागाकाराशी ताडून पाहा. मग विचारा : याच सायकलला मोठे चाक लावले, तर चढावर पाय अधिक दुखतील की कमी?