घटपर्णीची वाढ आणि मराठवाड्याचे हवामान

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत घटपर्णी आपण होऊन कधीच उगवत नाही. आम्लधर्मी, निकस आणि सदैव ओलसर जमीन हे तिचे माहेर. अशा जमिनीत मुळांना नत्र पुरेसे मिळत नाही, ते ही वेल पानाच्या टोकाशी तयार होणाऱ्या घटात कीटक पकडून मिळवते. भारतात घटपर्णीची एकच जाती आढळते, तीही मेघालयातील खासी, जैंतिया व गारो टेकड्यांच्या परिसरात. सर जोसेफ हूकर यांनी १८७३ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. घटातील रस कीटक केवळ बुडवीत नाही, तर पचवितोही, हे त्यांनी पुढच्याच वर्षी अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे व मांसाचे तुकडे घटात टाकून दाखवून दिले. रोपवाटिकांत वाढविलेली संकरित रोपे आता बाजारात मिळत असल्याने मराठवाड्यातील एखाद्या शाळेलाही घटपर्णीची वाढ वर्षभर न्याहाळणे अशक्य राहिलेले नाही.

अशा निरीक्षणास घाई उपयोगाची नाही. एका नव्या पानाच्या देठास रंगीत दोरा बांधावा आणि ते पान उमलल्यापासून वाळेपर्यंतची नोंद तारीखवार ठेवावी. प्रथम पाते पसरते. त्याची मधली शीर टोकापुढे वाढून तणाव्यासारखी लोंबू लागते. तिचे टोक किंचित फुगते, वरच्या दिशेने वळते आणि त्याचा चिमुकला, बंद तोंडाचा घट बनतो. झाकण उघडण्यापूर्वीच आत रस साठलेला असतो. झाकण एकदा उघडले की ते पुन्हा मिटत नाही. कीटक आत पडताच झाकण लागते, ही समजूत खरी नव्हे. कीटक फसतो तो घटाच्या गुळगुळीत, ओल्या काठावरून पाय घसरल्याने. जमिनीलगतचे घट फुगीर असतात व त्यांच्या दर्शनी बाजूस दोन झालरी असतात. वेल उंच चढू लागली की घट निमुळते होतात, झालरी जवळजवळ नाहीशा होतात आणि तणावा आधाराला वेढा घालतो. एकाच रोपावर पानांची अशी दोन रूपे पाहावयास मिळणे हा या निरीक्षणातील सर्वांत रंजक भाग म्हणावा लागेल.

खरी परीक्षा मार्चपासून सुरू होते. पारा ४० अंशांवर जातो, हवा कोरडी होते आणि पाने वाढत असूनही तणाव्याची टोके करपून घट धरत नाहीत. रोप मेले असे समजून ते फेकून देण्याचे कारण नाही. सावली आणि दमटपणा मिळाल्यास पावसाळ्यात येणाऱ्या नव्या पानांवर पुन्हा घट दिसू लागतात. मात्र घट धरावेत म्हणून मुळांशी खत घालणे उलट फळ देते. नत्र आयते मिळाले की पाने मोठी होतात आणि घट कमी होतात.

पाण्याचा प्रश्न त्याहून अवघड आहे. कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्याने मुळे हळूहळू निकामी होतात, म्हणून पावसाचे साठविलेले पाणीच द्यावे लागते. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे एका कुंडीसाठी छपरावरचे पाणी जपून ठेवण्याचा हा पाठ विद्यार्थ्यांना निराळा समजावून सांगावा लागणार नाही. काळ्या मातीऐवजी नारळाचा धुतलेला भुसा व शेवाळ यांचे मिश्रण कुंडीत भरावे.

रोप घेताना ते रोपवाटिकेतच वाढविलेले आहे, याची खात्री करणे आवश्यक आहे. खाणकाम, जंगलतोड आणि विक्रीसाठी होणारी उपटाउपट यांमुळे मेघालयातील घटपर्णी संकटात आली असून, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण दिले आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही कडक निर्बंध आहेत.

ज्यांना कुंडीचा खटाटोप नको, त्यांच्यासाठी साताऱ्याजवळचे कास पठार आहे. २०१२ मध्ये जागतिक वारसा स्थळांत समाविष्ट झालेल्या या पठाराच्या जांभ्या खडकावर पावसाळ्यात दवबिंदू व सीतेची आसवे या कीटकभक्षक वनस्पती उगवतात. दवबिंदूच्या पानांवरील चिकट थेंबांत कीटक अडकतात. सीतेच्या आसवांचे सापळे मात्र ओल्या मातीत दडलेले असून ते भिंगाखालीच नीट दिसतात. घटपर्णीला वर्षानुवर्षे लागणारी वाढ येथे एका हंगामात उरकते, आणि ऑक्टोबरमध्ये खडक कोरडे पडू लागले की तेथे बहुधा बीच तेवढे उरते.