एका तासाची टेप

सोनीचा पीडी-१७० हा कॅमेरा आता लग्नाच्या शूटिंगलाही कुणी भाड्याने घेत नाही. पण २००७मध्ये ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’, पाठोपाठ २००८मध्ये ‘आयबीएन लोकमत’ सुरू झालं, तेव्हा गावोगावच्या वार्ताहरांच्या हातात हाच कॅमेरा दिसायचा. नांदेडला पत्रकारिता शिकणाऱ्या आम्हा पोरांच्या विभागाकडे तो एकच होता. त्याच्या जोरावर आम्ही दर आठवड्याला बातमीपत्र काढायचो. ते कुठल्याच चॅनलवर लागायचं नाही. विभागातल्या टीव्हीसमोर दोन्ही वर्ग दाटीवाटीने बसून पाहायचे. तरी बातमी शिकायला याहून चांगली जागा मला पुढे कुठेच मिळाली नाही, आणि त्याचं मोठं श्रेय मी कॅमेऱ्यातल्या टेपला देतो.

मिनी डीव्ही म्हणायचे तिला. काडेपेटीहून थोडी मोठी, आत जेमतेम सव्वासहा मिलिमीटर रुंदीची फीत. एका टेपमध्ये एक तासाचं चित्रण मावायचं. ते कॉम्प्युटरवर घ्यायचं तर फायरवायरची केबल जोडून टेप चालू करायची आणि समोर बसायचं. चाळीस मिनिटांचं चित्रण कॅप्चर व्हायला चाळीसच मिनिटं लागायची, एक मिनिटही कमी नाही. तासाभराचं चित्रण डिस्कवर १३ जीबी जागा खायचं, त्यामुळे सगळंच उतरवून घेणं परवडायचं नाही. आधी टेप पाहून वहीत टाइमकोड लिहायचा, कोण काय बोललं ते टिपायचं, मग हवा तो भाग घ्यायचा. म्हणजे प्रत्येक माणसाचं बोलणं किमान एकदा तरी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कानावरून जायचं.

आमच्यातले बरेचजण हिंगोली जिल्ह्यातले. १ मे १९९९ला परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा मोठ्या चॅनलवर दिसायचा तो बहुतेक महाशिवरात्रीला, औंढ्याच्या नागनाथाच्या रांगेपुरता. आमच्या रनडाऊनवर मात्र वसमत, सेनगाव, कळमनुरी ही नावं पहिल्या हेडलाइनला असायची. उन्हाळ्यात हळदीची आवक वाढली की आम्ही नांदेडहून वसमतमार्गे एसटीने हिंगोलीच्या मोंढ्यात जायचो. ट्रायपॉड सीटखाली, कॅमेरा मांडीवर.

बीट सुरू झालं की व्यापारी ढिगातून एक कांडी उचलून मोडायचा. नीट वाळलेली असेल तर कट्कन आवाज यायचा आणि आतला केशरी रंग दिसायचा. तो आवाज माइकवर स्वच्छ पकडणं यातच आमची अर्धी सकाळ जायची. एका काकांना आम्ही भाव विचारला. कॅमेरा पाहून ते आखडले, दोन वाक्यं बोलले. बाईट झाला म्हणून कॅमेरा खाली घेतला, पण टेप चालूच होती. संध्याकाळी लॉगिंग करताना पडद्यावर त्यांचे पाय आणि पोत्याचा कोपरा, आणि वर त्यांचा मोकळा आवाज: हळद शिजवायला किती सरपण लागलं, पॉलिशला किती गेले, मजूर कसे मिळेनात. पूर्ण पॅकेज आम्ही त्या आवाजावर बांधलं. भावाचा बाईट काढूनच टाकला.

स्टुडिओ म्हणजे निळा पडदा लावलेली एक खोली. प्रॉम्प्टर नव्हता, कार्डशीटवर मोठ्या अक्षरात मजकूर लिहून कॅमेऱ्याशेजारी कुणीतरी धरायचं. या आठवड्याचा अँकर पुढच्या आठवड्यात केबल गुंडाळायचा, हा नियम. निवेदनाला सगळ्यांचा आदर्श प्रदीप भिडे. तेही पत्रकारिता शिकूनच, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून, मुंबई दूरदर्शनवर गेलेले. १९७२ला सुरू झालेल्या त्या केंद्राच्या बातम्या ऐकतच आमचे आईवडील मोठे झाले होते.

हळदीच्या बातमीची सीडी आम्ही काकांना गावात नेऊन दिली. शेजारच्या घरी प्लेअर होता. सगळी आळी जमली, काकांनी दोनदा पाहिली आणि म्हणाले, “चांगलं केलंत लेकरांनो. पण बेणं निवडायला घरची आन् पोरी हप्ताभर बसल्या होत्या, ते कुठं हाय?”

ते आमच्या टेपमध्ये नव्हतंच. परीक्षा आटोपल्या होत्या, तरी सरांनी कॅमेरा दिला, आणि जूनमध्ये लागवडीच्या वेळी आम्ही काकूंची मुलाखत घ्यायला त्यांच्या शेतात गेलो.