खुर्चीतून उठा पाहू, आजोबा!

"आजोबा, हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठा पाहू!"

आमच्या दादांना मूत्राशयाचा कॅन्सर झालेला, आणि डॉक्टरीणबाई त्यांची उठाबशी घेत होत्या! खरे सांगतो, मला राग आला.

गणपतीच्या सुमारास दादांच्या लघवीतून रक्त गेले. दुखले-खुपले काहीच नाही, म्हणून तीन आठवडे त्यांनी घरात कोणाला पत्ता लागू दिला नाही. वाचकहो, न दुखता जाणारे रक्त हीच ह्या रोगाची नेहमीची पहिली खूण! दादांनी चाळीस वर्षे बिड्या ओढल्या. आम्ही सगळे त्यांच्या फुप्फुसांची काळजी करीत बसलो. धुरातली विषे रक्तातून लघवीत उतरतात आणि मूत्राशयात तासन्‌तास साचून राहतात, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

गाठ मूत्राशयाच्या स्नायूत शिरली होती. अशा वेळी सर्जन बहुधा सबंध मूत्राशयच काढतात, पुरुषांत प्रोस्टेटही. मग लहान आतड्याचा एक तुकडा घेऊन त्यातून लघवीला नवी वाट करतात, तिचे तोंड पोटावर आणतात आणि तेथे पिशवी लावतात. कित्येक तासांचे ऑपरेशन! पहिल्या तीन महिन्यांत अर्ध्याहून अधिक रुग्णांना काही ना काही उपद्रव होतो, असे मोठमोठ्या रुग्णालयांच्या नोंदी सांगतात. आमच्या सर्जनांनी हे काही लपवले नाही. "वय ७४ आहे. पण मला वयापेक्षा अंगातली गंगाजळी किती ते कळायला हवे," असे म्हणून त्यांनी आम्हांला ह्या वृद्धरोगतज्ज्ञ बाईंकडे धाडले.

तर दादा उठले, पण खुर्चीचे हात धरूनच. तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायचे. १२ सेकंदांच्या वर वेळ लागला की डॉक्टर सावध होतात. दादांना १९ लागले. मग पंजाची पकड मोजली. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगून घड्याळाचे चित्र काढायला लावले. ह्या परीक्षेत मात्र दादा पहिल्या वर्गात पास! हेडक्लार्कच ते.

"जेवण कसे आहे?"

"उत्तम."

"जिने चढता?"

"रोज."

कोपऱ्यात बसलेली आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "कुठले रोज? चैत्रापासून भाजी मीच आणते. आणि पट्ट्याला दोन नवी भोके पाडलीत, ती सांगा की!"

वजनाचा काटा आईच्याच बाजूने बोलला. वर्षात सहा किलो उतरले होते.

अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली क्षीणतेच्या पाच खुणा मांडल्या. वर्षभरात आपोआप साडेचार किलोंहून अधिक वजन घटणे, सततचा थकवा, सैल पकड, मंद चाल आणि कमी हालचाल. पाचांपैकी तीन आढळल्या की माणूस क्षीण समजायचा. हृदयाचा आलेख, रक्ताचा अहवाल सारे ठीक असूनही अंगातली शिल्लक आटलेली असू शकते. एरवी ती कळत नाही. मोठा घाव सोसायची वेळ आली की कळते. दादांच्या तीन खुणा भरल्या.

त्याच बाकावर आमच्या शेजारी जुन्नरकडचे एक शेतकरी आजोबा होते. वय ८२, रोग तोच. ते खुर्चीतून असे उठले की जणू बैल सुटला आहे! त्यांचे ऑपरेशन ठरले, झाले, आणि पंधराव्या दिवशी ते गावी गेले. माझ्या दादांना, आठ वर्षांनी लहान माणसाला, 'थांबा' म्हटले होते. घरी आल्यावर मी बायकोजवळ चिडचिड केली. पैसे आहेत, सर्जन तयार आहेत, मग ही बाई मध्ये येणार कोण?

पुढच्या खेपेला बाईंनी दादांना एक प्रश्न विचारला, जो आम्हां मुलांपैकी कोणालाच सुचला नव्हता. "आजोबा, तुम्हांला काय हवे आहे?"

दादा बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिले. "चार दिवस कमी मिळाले तरी चालतील," ते म्हणाले, "पण ते बिछान्यात नकोत. आणि माझी पिशवी हिने रिकामी करायची, हे मला सोसणार नाही."

सुदैवाने गाठ एकच होती आणि मूत्रपिंडाला सूज नव्हती. त्यामुळे दुसरी वाट मोकळी होती. दुर्बिणीतून गाठ होईल तितकी खरवडून काढायची, मग काही आठवडे किरणोपचार आणि त्यांच्या जोडीला बेताचे केमो. मूत्राशय जागेवर राहते. मात्र रोग परतला तर पुन्हा ऑपरेशनचा प्रश्न उभा राहतो. ती टांगती तलवार पत्करूनच दादांनी सही केली. उपचारांआधी बाईंनी त्यांना कामालाही लावले. रोज दोन अंडी (आईने त्यासाठी वेगळे पातेले काढले!), डाळ, दूध, सकाळ-संध्याकाळ चालणे आणि खुर्चीतून दहादा उठणे.

ह्याला आता वर्ष होत आले. दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी असते. तिच्या आदल्या रात्री आमच्या घरात कोणाला धड झोप लागत नाही. आजवरच्या तपासण्या स्वच्छ आल्या आहेत.

परवा संध्याकाळी मी कचेरीतून आलो, तर दिवाणखान्यातली मेजे भिंतीला सरकवलेली, जमिनीवर खडूच्या दोन रेघा, आणि माझा धाकटा हातात घड्याळ घेऊन ओरडत होता, "आजोबा, चौदा! पण तुम्ही खुर्चीचा हात धरलात, मी पाहिले!"