स्क्रीन समोर, पण शेजारी कोण?

पावसाळ्यात सकाळी सहा-साडेसहाला मोबाईल टिंग करून वाजला, की लहान मुलं असलेल्या घरांत धडकीच भरते. 'आज शाळेला सुट्टी, वर्ग ऑनलाइन होतील.' झालं! तुमची दहाची मीटिंग, नवऱ्याचा क्लायंट कॉल आणि चिरंजीवांचा गणिताचा तास, सगळं एकाच वायफायवर! १९ ऑगस्ट २०२५ ला धुवाधार पावसामुळे मुंबई-ठाण्यातल्या शाळा बंद राहिल्या, तेव्हा हा सीन किती घरांत रंगला असेल, विचारूच नका. पोरांच्या हातात टॅब, कानांत हेडफोन, 'शहाण्यासारखा बस हं' अशी प्रेमळ धमकी आणि आपण आपल्या लॅपटॉपकडे. नववी-दहावीच्या पोरांच्या बाबतीत हे खपून जातं. पण पहिली-दुसरीतल्या पिल्लांचं काय?

छे! अजिबात चालत नाही. आणि हे मी छातीठोकपणे सांगतेय, कारण २०२०-२१ चं अख्खं शैक्षणिक वर्ष मी माझ्या भाच्याच्या शेजारी बसून काढलंय.

आत्या ऑन ड्युटी

आम्ही जांभूळचे. उल्हास नदीकाठचं, अंबरनाथ तालुक्यातलं गाव. एमआयडीसीचं जलशुद्धीकरण केंद्र आमच्याकडेच आहे, म्हणजे आसपासच्या शहरांना आणि कारखान्यांना जाणारं पाणी इथून शुद्ध होऊन निघतं. नेटवर्कचं शुद्धीकरण मात्र तेव्हा व्हायचं होतं. रेंज हवी असेल तर गच्चीवर जा, नाहीतर पुढच्या ओट्यावर डाव्या कोपऱ्यात बसा!

मास कॉमची डिग्री नुकतीच हातात पडलेली आणि नोकरीचा पत्ता नाही. वहिनी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात नर्स. १५ जून २०२० ला अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी लोकल सुरू झाल्या आणि ती पहाटे घर सोडायला लागली. दादा अंबरनाथ एमआयडीसीत शिफ्टला. आई घरात होती, पण स्मार्टफोन म्हटलं की ती हात वर करायची. उरलं कोण? अस्मादिक! भाच्याची पहिली ही अशी ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात सुरू झाली.

पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं, की या वर्गात पंचवीस मुलं नाहीत, पन्नास जणं आहेत. प्रत्येक मुलामागे कॅमेऱ्याच्या फ्रेमबाहेर एक मोठं माणूस दडलेलं. बाईंनी विचारलं, 'हे कुठलं फळ?' की चारी दिशांनी कुजबुज, 'सांग ना, सीताफळ! अरे सीताफळ!' एकदा तर कुणाच्या तरी बाबांनी म्यूट करायला विसरून स्वतःच खणखणीत उत्तर दिलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, 'शाब्बास!' कुणाला, ते नाही कळलं.

विनोद बाजूला ठेवू. त्या कुजबुजीमुळे बाईंना खरं चित्र दिसायचंच नाही. सगळ्यांना सगळं येतंय म्हटल्यावर त्या बिचाऱ्या पुढे सरकणार. शेजारी बसणाऱ्याचं पहिलं काम म्हणूनच तोंड बंद ठेवणं! उत्तर चुकलं तर चुकू दे. ती चूक बाईंपर्यंत पोचणं जास्त महत्त्वाचं.

पंचवीसचे बावन्न

आता खरी गंमत. बाई म्हणाल्या, 'लिहा, पंचवीस.' भाच्याने लिहिलं ५२. त्याने वही कॅमेऱ्यासमोर दोन सेकंद धरली. पंधरा-वीस वह्या एकदम हलताहेत, चित्र धूसर. 'छान!' म्हणून बाई पुढे गेल्या.

त्याचं तरी काय चुकलं? मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर. पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतो, वीस मागून. पोरगं ऐकलं त्या क्रमाने लिहिणार. बासष्ट म्हणजे ६२ का, २६ का नाही? इंग्रजीत निदान विसानंतर तरी सरळ मामला आहे, ट्वेंटी आधी आणि फाइव्ह नंतर. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतोय? पार विधानसभेपर्यंत विनोद झाले. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख, गणितज्ञ मंगला नारळीकर तेव्हा शांतपणे सांगत होत्या, की उलटा क्रम आणि अवघड जोडाक्षरं यांनी लहान मुलं गोंधळतात. मी तेव्हा कॉलेजच्या कट्ट्यावर बसून ते जोक फॉरवर्ड करणाऱ्यांतली. ओट्यावर बसल्यावर मात्र बाईंचं म्हणणं सॉलिड पटलं!

हा घोटाळा स्क्रीनवर दिसत नाही. तो दिसतो वहीत, आणि वही दिसते शेजारच्याला. त्यात आणखी एक भानगड. मोबाईलचा पुढचा कॅमेरा आपलं चित्र आपल्याला आरशासारखं दाखवतो. म्हणजे पोराने बरोबर लिहिलेला २ सुद्धा त्याला पडद्यावर उलटाच दिसणार! दोन दिवस तो खोडरबर घेऊन बसायचा, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. स्वतःचं चित्र लपवायची सोय बहुतेक ॲपमध्ये असते. ती वापरा.

पंचवीसचा तिढा सोडवला माझ्या आईने, शिक्षण सातवी पास. झाडूच्या हिराच्या काड्या मोडून तिने दहा-दहाचे गठ्ठे बांधले, रबर लावून. दोन गठ्ठे डावीकडे, पाच सुट्या काड्या उजवीकडे. 'गठ्ठे किती? सुटे किती? आता लिही.' चार दिवसांत बावन्न गायब! मोबाईलला हात न लावता.

आजीचा फंडा जुनाच आहे

म्हणजे बघा, आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातच हे सगळं होऊन गेलंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४ पासून ते पालघरमध्ये आहे. मुलं शाळेत येत नाहीत? मग शाळाच मुलांच्या अंगणात न्यायची! त्यातूनच अंगणवाडीची कल्पना पुढे आली. मॉन्टेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे असं आसपासचं साहित्य. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. 'रिमोट लर्निंग' हा शब्द कुणी ऐकलाही नव्हता, तेव्हाची ही गोष्ट!

लॉकडाऊनमध्येही हा धागा अगदीच सुटला नव्हता. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनचं, पहिली ते आठवीसाठी. डेटा पॅक नको, रेंज नको. भाच्याला त्यातलं करून बघायचं सामान लगेच घरात सापडायचं, म्हणून ते जास्त आवडायचं. आईलाही! सीरियलची वेळ तिने आनंदाने सोडली नसती, पण यासाठी टीव्ही लावायला ती तयार असायची.

वेळेचं गणितही सरकारने घालून दिलं होतं. जून २०२० मध्ये राज्याने आधी दुसरीपर्यंतच्या मुलांना ऑनलाइन वर्गांतून वगळलं. जुलैमध्ये केंद्राची 'प्रज्ञाता' मार्गदर्शक तत्त्वं आली, मग राज्याने पहिली-दुसरीला अर्ध्या-अर्ध्या तासाची दोन सत्रं ठरवली आणि त्यातलाही काही वेळ पालकांशी बोलायला राखला. बालवाडीला दिवसाला अर्धाच तास. माझ्या अनुभवाने सांगते, सहा वर्षांचं पोर पंधरा-वीस मिनिटांनंतर फक्त शरीराने हजर असतं. तीन-तीन तास टॅबसमोर बसवून 'किती अभ्यास केला' म्हणणाऱ्या पालकांना माझा कोपरापासून नमस्कार!

मग बसणार कोण?

आपण सगळे इथेच गाडी अडवतो. ॲप आहे, टॅब आहे, हेडफोन आहेत, माणूस नाही. आणि ज्या घरी माणूस होतं तिथे ते बहुतेक बाईमाणूसच होतं, हेही सांगून टाकते. आई, आजी, आत्या, मावशी. आमच्या गल्लीत जिथे दोघंही कामावर जायचे आणि फोनही सोबत न्यायचे, तिथली पोरं दिवसभर नदीकडे. रात्री नऊला फोन घरी येणार, तेव्हा व्हॉट्सॲपवर आलेला गृहपाठ. पेंगुळलेलं पोर काय कप्पाळ लिहिणार!

याचा हिशोब पुढे मांडला गेलाच. 'असर' या देशभरच्या ग्रामीण पाहणीत २०१८ मध्ये तिसरीतली २७.३ टक्के मुलं दुसरीचा धडा वाचू शकत होती. २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर घसरलं. शाळा नीट सुरू राहिल्यावर २०२४ मध्ये पुन्हा २७.१. म्हणजे भरपाई होते, पण वर्गात बाई समोर असल्यावर.

तेव्हा पुढच्या वेळी सुट्टीचा मेसेज आला, की आधी दोघांची कॅलेंडरं उघडा. वीस मिनिटं तुझी, वीस मिनिटं माझी, लंचनंतर अदलाबदल. बॉसला स्पष्ट सांगा, 'अकरा ते अकरा-वीस मी नाही.' आकाश कोसळत नाही, माझ्या दोन मैत्रिणींनी करून पाहिलंय. त्या वीस मिनिटांत फोन उलटा, लॅपटॉप बंद, नजर पोराच्या वहीवर. उरलेल्या वेळात वर्ग बुडाला तर बुडू दे, काड्यांचे गठ्ठे बांधू दे, डाळ-तांदूळ निवडू दे. आणि पोराला काय आलं नाही, ते संध्याकाळी शिक्षकांना एका ओळीत कळवा. 'पंचवीसचे बावन्न लिहितो' एवढंही पुरतं. आमच्या बाईंनी तो मेसेज वाचून दुसऱ्याच दिवशी अख्ख्या वर्गाला गठ्ठे बांधायला लावले होते.

दादाची पाळी तेव्हा रविवारी असायची. इंग्रजी मीडियमवाला तो, ७९ आला की अडायचा. एकोणऐंशी की एकोणनव्वद? भाचा गठ्ठे पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, 'बाबा, मोजा.'